आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीपासून बारावीपर्यंतची मुलं, नीटची तयारी करणारे आणि मुलांचा अभ्यास घेणारे पालक या विषयावर पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पाठ्यपुस्तकातले आहेत, पुढचे हळूहळू अवघड होत जातात. मराठी माध्यमात आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी, इंग्रजी माध्यमात प्रोकॅरिओटिक आणि युकॅरिओटिक असे शब्द आहेत. इथे मराठी शब्द वापरले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दोन्हींतला मुख्य फरक एका वाक्यात सांगता येईल का?

दृश्यकेंद्रकी पेशीत डीएनए दुहेरी पटलाच्या आत, म्हणजे केंद्रकात असतो. आदिकेंद्रकी पेशीत तो पेशीद्रव्यातच असतो, त्याच्याभोवती असं पटल नसतं.

बाकीचे बरेचसे फरक (आकार, अंगकं म्हणजे पेशीतले ठरावीक काम करणारे भाग, विभाजनाची पद्धत) ‘सहसा असं असतं’ या प्रकारचे आहेत आणि त्यांना अपवाद सापडतात. म्हणून फरकांचा तक्ता पाठ करण्याआधी हे एक वाक्य नीट समजून घ्या. डीएनए आत बंद झाला की पेशीच्या कामकाजात काय बदलतं, ते प्रश्न ३ मध्ये आहे आणि माझ्या मते या संपूर्ण पाठाचा गाभा तोच आहे.

२. कोणते सजीव कोणत्या गटात येतात?

जीवाणू आणि आर्किआ आदिकेंद्रकी. वनस्पती, प्राणी, कवकं, शैवालं आणि अमीबा, पॅरामेशियम यांसारखे आदिजीव दृश्यकेंद्रकी.

मुलं चुकतात ती नेहमी त्याच ठिकाणी. दही लावणारे लॅक्टोबॅसिलस जीवाणू आहेत, म्हणून आदिकेंद्रकी. पाव फुगवणारं यीस्ट हे कवक आहे, म्हणून दृश्यकेंद्रकी. ‘एकपेशीय म्हणजे आदिकेंद्रकी’ असं समीकरण मांडलंत, तर यीस्ट आणि अमीबा दोन्ही हमखास चुकतील. नील-हरित शैवालाच्या नावात शैवाल असलं तरी ते जीवाणूच आहेत. आरोग्यवर्धक म्हणून बाजारात मिळणारी हिरवी स्पिरुलिनासुद्धा याच गटातली, म्हणजे आदिकेंद्रकी. आर्किआबद्दल प्रश्न १४ पाहा.

३. केंद्रक नाही, मग जीवाणूचा डीएनए कुठे असतो? तो मोकळाच तरंगतो का?

मोकळा सुटलेला नसतो. पेशीच्या मधोमध तो गुंडाळून, पीळ देऊन बसवलेला असतो आणि काही प्रथिनं त्याला त्या आकारात धरून ठेवतात. या भागाला न्यूक्लिऑइड म्हणतात. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूचा डीएनए सरळ केला तर साधारण दीड मिलिमीटर भरेल आणि पेशी आहे जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या सातशे-आठशे पट लांब धागा तिने आत सामावलेला असतो. या धाग्यावर सुमारे ४६ लाख बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आणि सव्वाचार हजारांच्या आसपास जनुकं आहेत. शिवाय बऱ्याच जीवाणूंकडे प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी वर्तुळं असतात.

आता मुद्द्याचं. जनुकावरून आधी आरएनए तयार होतो आणि रायबोझोम तो वाचून प्रथिन बनवतात. जीवाणूत मध्ये भिंतच नाही. त्यामुळे आरएनएचा धागा डीएनएवरून अजून उतरत असतानाच त्याच्या सुट्या टोकाला रायबोझोम चिकटतात आणि प्रथिन बनायला लागतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या जुन्या छायाचित्रांत हे स्पष्ट दिसतं : डीएनएच्या रेषेतून दोन्ही बाजूंना फुटलेल्या आरएनएच्या फांद्या आणि प्रत्येक फांदीवर ओळीने बसलेले रायबोझोमचे ठिपके.

दृश्यकेंद्रकी पेशीत ही दोन्ही कामं वेगवेगळ्या जागी होतात. आरएनए केंद्रकात तयार होतो, तिथेच त्यातले नको असलेले तुकडे कापले जातात, उरलेले भाग जोडले जातात, दोन्ही टोकं सुरक्षित केली जातात आणि मग तो केंद्रकपटलावरच्या छिद्रांतून बाहेर पेशीद्रव्यात येतो. यात वेळ जातो. पण कोणते तुकडे ठेवायचे आणि कोणते काढायचे हे बदलून एकाच जनुकापासून एकापेक्षा जास्त प्रथिनं बनवायची सोय त्यातूनच मिळते. आपल्या चेतापेशी, स्नायूपेशी आणि यकृताच्या पेशी यांच्यात एकच डीएनए असूनही त्या इतक्या वेगळ्या असतात. त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे.

४. आदिकेंद्रकी पेशी इतक्या लहान का असतात?

बहुतेक जीवाणू ०.५ ते ५ मायक्रोमीटरचे असतात, प्राणी आणि वनस्पतींच्या बहुतेक पेशी १० ते १०० मायक्रोमीटरच्या.

कारण भूमितीत आहे. पेशी दुप्पट रुंद झाली की तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट. अन्न आत येतं आणि कचरा बाहेर जातो तो पृष्ठभागातून. खाणारं तोंड मात्र घनफळाएवढं. शिवाय जीवाणूच्या आत रेणू प्रामुख्याने विसरणानेच, म्हणजे दाट भागातून विरळ भागाकडे आपोआप पसरत, इकडून तिकडे पोचतात आणि विसरण थोड्या अंतरावर झटपट, लांबवर मात्र अतिशय सावकाश होतं. जीवाणूंच्या ऊर्जानिर्मितीची यंत्रणाही त्यांच्या पेशीपटलावरच बसलेली असते, त्यामुळे पृष्ठभाग कमी पडला की ऊर्जाही कमी पडते. दृश्यकेंद्रकी पेशीने हे पटल आत आणलं : तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) या अंगकाच्या आतल्या घड्यांवर ऊर्जा बनते आणि सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून माल ओढून नेला जातो. अपवाद प्रश्न १८ मध्ये.

५. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून हा फरक बघता येतो का?

बऱ्यापैकी येतो आणि जमेल त्याने जरूर बघावा.

कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून १० किंवा ४० च्या वस्तुभिंगाखाली पाहा. विटांच्या बांधकामासारख्या पेशी आणि प्रत्येकीत कडेला सरकलेला पिवळसर-तपकिरी गोल ठिपका दिसेल, ते केंद्रक. मग काचपट्टीवर दह्याच्या निवळीचा पातळ थर पसरा, वाळू द्या, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा, मिथिलीन ब्लू लावून धुवा. ४० च्या भिंगाखाली नुसते निळे ठिपके आणि बारीक रेघा दिसतात. तेल घालून वापरायचं १०० चं भिंग असेल तर दांड्यासारखे आणि माळेतल्या मण्यांसारखे जीवाणू वेगळे ओळखता येतात. आत काहीही दिसत नाही, सगळी पेशी एकसारखी रंगते.

तिसरी काचपट्टी यीस्टची करा. कोमट साखरपाण्यात अर्धा तास ठेवलेल्या यीस्टचा थेंब घेतला की अंडाकृती पेशी दिसतात आणि काहींच्या अंगावर फुटलेली छोटी कळीही दिसते. इथे एक गडबड नेहमी होते. यीस्टच्या आत जो मोठा, फिकट गोल दिसतो त्याला मुलं केंद्रक म्हणून आकृतीत नाव देतात. ती बहुतेक वेळा रिक्तिका असते. यीस्टचं केंद्रक विशेष रंग दिल्याशिवाय सहसा दिसत नाही.

६. ७०एस आणि ८०एस रायबोझोम म्हणजे काय? आणि ५० अधिक ३० म्हणजे ८० व्हायला हवेत ना?

एस हे स्वेडबर्ग एकक आहे. अपकेंद्रण यंत्रात कण किती वेगाने खाली बसतो ते त्यावरून कळतं. हा वेग वस्तुमानाबरोबरच कणाच्या आकारावरही ठरतो, म्हणून एस ची बेरीज करता येत नाही. ५०एस आणि ३०एस हे भाग एकमेकांत घट्ट बसले की मिळून ७०एस भरतात. ६०एस आणि ४०एस मिळून ८०एस.

आदिकेंद्रकी पेशीत ७०एस, दृश्यकेंद्रकी पेशीच्या पेशीद्रव्यात ८०एस. पण तंतुकणिका आणि हरितलवकांच्या आत जीवाणूंच्या धाटणीचे वेगळे रायबोझोम असतात (कारण प्रश्न १३ मध्ये). रायबोझोमची रचना अणूंच्या पातळीपर्यंत उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल व्यंकटरमण रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना मिळालं. रामकृष्णन यांचं पदवीपर्यंतचं शिक्षण बडोद्याला झालं. त्यांचं काम होतं ३०एस या लहान भागावर आणि प्रतिजैविकं तिथे नेमकी कुठे चिकटतात यावर.

७. आदिकेंद्रकी पेशीत एकही अंगक नसतं, हे खरं का?

‘पटलवेष्टित अंगकं नसतात’ असं लिहा, म्हणजे उत्तर बिनचूक होईल. रायबोझोम असतातच, पण त्यांना पटल नसतं. तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, हरितलवकं ही नसतात.

पुढे शिकणाऱ्यांसाठी : जीवाणूंचा आतला भाग पूर्ण रिकामा, एकसारखा असतो हे चित्र आता मागे पडलं आहे. नील-हरित शैवालात प्रकाशसंश्लेषणासाठी पटलांच्या चवडी असतात आणि कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या पेट्या असतात. काही जीवाणूंत चुंबकीय लोहखनिजाचे कण पटलात गुंडाळून ओळीने मांडलेले असतात. होकायंत्रासारखे ते वापरून हे जीवाणू दिशा धरतात. पेशीकंकाल, म्हणजे पेशीला आकार देणारा प्रथिनांचा सांगाडा, तोसुद्धा जीवाणूंना अगदीच नाही असं नाही. विभाजनाच्या वेळी पेशीच्या मध्यावर कडं तयार करणारं एफटीएसझेड हे प्रथिन आपल्या सूक्ष्मनलिकांमधल्या ट्यूब्युलिनचं नातलग आहे.

८. पेशीभित्तिका दोन्हीकडे असते, मग फरक कशात?

ती कशाची बनली आहे यात. जीवाणूंची पेप्टिडोग्लायकनची, वनस्पतींची सेल्युलोजची, कवकांची मुख्यतः कायटिन आणि ग्लुकनची. प्राणीपेशीला भित्तिकाच नसते. मायकोप्लाझ्मा हे जीवाणू असूनही त्यांना भित्तिका नाही, म्हणून ‘भित्तिका आहे का’ ही गट ओळखायची कसोटी होऊ शकत नाही. औषधांच्या दृष्टीने हा फरक किती मोलाचा आहे ते प्रश्न ११ मध्ये.

९. जीवाणूची कशाभिका आणि शुक्रपेशीची शेपटी एकच ना?

नाही. दिसायला सारखी, बांधणी आणि हालचाल पूर्ण वेगळी. जीवाणूची कशाभिका फ्लॅजेलिन या प्रथिनाची असते आणि तिच्या मुळाशी पटलात बसवलेली फिरकी असते. ती खरोखर गोल फिरते, बहुतेक जीवाणूंत बाहेरून आत येणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहावर. शुक्रपेशीच्या शेपटीत सूक्ष्मनलिकांची ९+२ रचना असते (कडेने नऊ जोड्या, मधोमध दोन नलिका), ती एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर चालते आणि चाबकासारखी वळवळते.

१०. जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात म्हणतात. पण डीएनएची प्रत काढायलाच ४० मिनिटं लागतात असंही वाचलं. हे जमतं कसं?

दोन्ही आकडे ई. कोलायचे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

हिशेब करून बघा. प्रत काढण्याचं काम एका ठरावीक जागी सुरू होतं आणि दोन्ही दिशांना पुढे सरकतं. प्रत्येक बाजूचा वेग सेकंदाला साधारण हजार बेस-जोड्या, म्हणजे दोन्ही मिळून दोन हजार. ४६ लाखांना दोन हजारांनी भागलं की २३०० सेकंद, म्हणजे ३८-४० मिनिटं. मग पेशी काय करते? पहिली प्रत पूर्ण व्हायच्या आतच, अर्धवट झालेल्या दोन्ही प्रतींवर पुढच्या पिढीची प्रत काढायला सुरुवात करते. भरपूर अन्न असताना जन्माला आलेल्या पेशीत तिच्या मुलींसाठीच नव्हे, नातींसाठीही डीएनएचं काम आधीच चालू झालेलं असतं.

दृश्यकेंद्रकी पेशीला असं करता येत नाही. एका पेशीचक्रात डीएनएची प्रत एकदाच काढायची असा तिथे कडक बंदोबस्त आहे. मानवी पेशीत एका बाजूचा वेग सेकंदाला फार तर ५० बेस-जोड्या, पण काम हजारो ठिकाणी एकदम सुरू होतं. तरी त्याला सात-आठ तास लागतात. त्यानंतर गुणसूत्रं आखूड आणि जाड होतात, तर्कूतंतू तयार होतात आणि सूत्री विभाजन होतं. जीवाणूच्या द्विखंडनात तर्कूतंतू नसतात.

जीवाणूंमध्ये लैंगिक प्रजनन असतं का, हेही याच्या जोडीने विचारलं जातं. अर्धगुणसूत्री विभाजन आणि युग्मकं त्यांच्यात नसतात, पण डीएनएची देवाणघेवाण असते. एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे संयुग्मनाने डीएनए जातो हे लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ साली दाखवलं. औषधाला न जुमानण्याची क्षमता प्लाझ्मिडवरून एका जातीतून दुसऱ्या जातीत पसरते ती याच वाटेने.

११. प्रतिजैविक जीवाणूंना मारतं, मग आपल्या पेशींना का नाही? आणि गजकर्णावर का चालत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याला या पाठाचा उपयोग कळला असं मी समजते.

चांगलं प्रतिजैविक जीवाणूतल्या अशा भागावर घाव घालतं, जो आपल्या पेशीत नसतो किंवा पुरेसा वेगळा असतो. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकनची विण पक्की होऊ देत नाही; भित्तिका कमकुवत झाली की आत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने जीवाणू फुटतो. आपल्याकडे पेप्टिडोग्लायकन नाहीच. (मायकोप्लाझ्माकडेही नाही, म्हणून त्याच्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालत नाही.) स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ३०एस भागाला धरतात, ॲझिथ्रोमायसिन ५०एस भागाला, आपले ८०एस रायबोझोम त्यांच्या तावडीत सहसा येत नाहीत.

गजकर्ण कवकामुळे होतं आणि कवक दृश्यकेंद्रकी आहे. रायबोझोम, केंद्रक, तंतुकणिका, सगळं आपल्यासारखं. या नात्यामुळेच कवकावरची औषधं शोधणं कठीण जातं. एक फरक मात्र उपयोगी पडतो : कवकाच्या पटलात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. कवकावरची बरीच औषधं अर्गोस्टेरॉलच्या मागे लागतात. फ्लुकोनॅझोल आणि टर्बिनाफिन ते बनू देत नाहीत, तर पॉलिईन गटातली औषधं त्यालाच चिकटून पटल गळकं करतात.

या गटातलं एक औषध आपल्या पिंपरीचं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पेनिसिलिन देशात बनावं म्हणून १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या संशोधकांना पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूपासून हॅमायसिन हे कवकनाशक मिळालं. त्या जीवाणूच्या जातीला ‘पिंप्रिना’ असं नाव दिलं गेलं. स्ट्रेप्टोमायसिस दिसतो कवकासारखा, बारीक धाग्यांचं जाळं करून वाढतो, पण आहे आदिकेंद्रकी.

आणि सर्दी-पडशावर प्रतिजैविक घेऊन उपयोग का नाही? सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला पेशीच नसते. तो आदिकेंद्रकीही नाही आणि दृश्यकेंद्रकीही नाही. भित्तिका नाही, स्वतःचे रायबोझोम नाहीत, मग औषध घाव घालणार कशावर?

१२. मलेरियाचा परजीवी दृश्यकेंद्रकी आहे, तरी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक त्यावर कसं चालतं?

प्लास्मोडियमच्या पेशीत एपिकोप्लास्ट नावाचं एक अंगक आहे. ते फार पूर्वी गिळलेल्या एका शैवालाच्या लवकाचा अवशेष आहे. प्रकाशसंश्लेषण ते करत नाही, पण परजीवीला लागणारे काही रेणू तिथेच बनतात. त्याच्यातले रायबोझोम जीवाणूंच्या धाटणीचे, त्यामुळे डॉक्सिसायक्लिन तिथे लागू पडतं. परिणाम हळू होतो, म्हणून मलेरियाच्या उपचारात ते एकटं न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीला देतात. काही ठिकाणी मलेरिया होऊ नये म्हणूनही घ्यायला सांगतात.

याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्याला त्रासदायक आहे. आपल्या तंतुकणिकांतले रायबोझोमही मूळचे जीवाणूंचे. काही कुटुंबांत तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये १५५५ या जागी एक बदल आईकडून मुलांकडे येतो आणि त्यामुळे तिथला रायबोझोम जीवाणूच्या रायबोझोमच्या आणखी जवळ जातो. अशा व्यक्तीला स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन दिलं तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. घरात आईकडच्या नात्यात इंजेक्शनानंतर ऐकू येईनासं झाल्याचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा.

१३. तंतुकणिका आणि हरितलवकं म्हणजे पूर्वीचे जीवाणू, याला पुरावा काय?

भक्कम पुरावा आहे. दोघांना स्वतःचा डीएनए असतो; मानवी तंतुकणिकेत तो वर्तुळाकार, १६,५६९ बेस-जोड्यांचा आणि ३७ जनुकांचा आहे. दोघांचे रायबोझोम जीवाणूंसारखे. दोन्ही अंगकं पेशीला नव्याने बनवता येत नाहीत, आधीच्या अंगकाचं विभाजन होऊनच नवी तयार होतात. दोघांभोवती दुहेरी पटल असतं. आणि सगळ्यात निर्णायक म्हणजे डीएनएचा क्रम : तंतुकणिकांचा अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जीवाणूंशी जुळतो, हरितलवकांचा नील-हरित शैवालांशी.

कल्पना जुनी आहे. १९०५ साली मेरेझकोव्हस्की यांनी हरितलवकांबद्दल ती मांडली होती, पण पुढे ती बाजूला पडली. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी (तेव्हा त्यांचं आडनाव सेगन होतं) सविस्तर शोधनिबंध लिहून ती पुन्हा चर्चेत आणली. तो छापून यायच्या आधी अनेक नियतकालिकांनी नाकारला होता. डीएनएचे क्रम वाचता येऊ लागल्यावर वाद मिटला.

१४. आर्किआ आदिकेंद्रकी आहेत, मग त्यांना जीवाणूच का म्हणत नाहीत?

केंद्रक नाही म्हणून आदिकेंद्रकी, पण त्यांचं रासायनिक घर वेगळं. १९७७ साली कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोझोममधल्या आरएनएची तुलना केली आणि आदिकेंद्रकी सजीवांचे दोन अगदी वेगळे वंश असल्याचं दाखवलं. आर्किआंच्या पटलातल्या मेदांची जोडणी वेगळी असते, भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसतं आणि डीएनएवरून आरएनए उतरवणारं त्यांचं यंत्र जीवाणूंपेक्षा आपल्या यंत्राशी जास्त मिळतंजुळतं आहे. काहींकडे डीएनए गुंडाळून ठेवणारी, आपल्यासारखी हिस्टोन प्रथिनंही असतात.

बघायचे असतील तर लांब जायला नको. गोबरगॅसमधला मिथेन आर्किआच बनवतात, गाईम्हशींच्या पोटातलाही. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून क्षारता वाढली होती आणि मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किआंच्या गुलाबी रंगद्रव्यामुळे पाण्याला तो रंग आला होता. नंतर पावसाचं पाणी मिसळल्यावर रंग ओसरला.

१५. मग दृश्यकेंद्रकी पेशी आली कुठून?

एका आर्किआ वंशातली पेशी आणि तिच्यात राहायला आलेला जीवाणू यांच्यापासून, असं आज बहुतेक संशोधक मानतात. २०१५ साली नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रतळावरच्या गाळात लोकीआर्किआंचा डीएनए सापडला आणि त्यात पेशीकंकाल, पटलांची घडी अशा, केवळ दृश्यकेंद्रकी पेशींची मक्तेदारी समजल्या जाणाऱ्या कामांशी जुळणारी जनुकं निघाली. या गटातला एक आर्किआ जपानी संशोधकांनी बारा वर्षं खपून प्रयोगशाळेत वाढवला. २०२० साली त्याची छायाचित्रं आली. पेशी इवलीशी गोल, पण तिला लांबलचक फांद्या फुटलेल्या. केंद्रक आधी आलं की तंतुकणिका, यावर अजून एकमत नाही.

कालमान असं : आदिकेंद्रकी सजीवांच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. दृश्यकेंद्रकींचे जीवाश्म त्यानंतर फार उशिरा येतात. त्यांतले काही महत्त्वाचे आपल्याच देशात, चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांत मिळाले. १६० कोटी वर्षांपूर्वीचे ते लाल शैवाल असावेत, असं २०१७ साली प्रसिद्ध झालं.

१६. आपल्या तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसतं. ती आदिकेंद्रकी म्हणायची का?

नाही. अस्थिमज्जेत तयार होताना तिला केंद्रक असतं; रक्तात येण्याआधी ती ते बाहेर टाकते, पुढे तंतुकणिका आणि रायबोझोमही घालवते आणि हिमोग्लोबिनला जागा करून देते. अशी पेशी साधारण १२० दिवस जगते, तिचं विभाजन होत नाही. गट ठरतो तो वंशावरून, पेशीच्या आयुष्यातल्या एका टप्प्यावरून नाही. बेडूक, मासे आणि पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक कायम राहतं. वनस्पतींत चाळणी नलिकांच्या पेशीही केंद्रक गमावतात, त्यांचं काम शेजारची सहपेशी सांभाळते.

१७. तंतुकणिका नसलेली दृश्यकेंद्रकी पेशी असते का?

असते, पण अगदी विरळा. जुलाब करणाऱ्या जिआर्डियात तंतुकणिका नाही असं पूर्वी वाटायचं. मग तिचे आक्रसलेले अवशेष सापडले. २०१६ साली मात्र चिंचिला या प्राण्याच्या आतड्यातून मिळालेल्या मोनोसर्कोमोनॉइडिस या एकपेशीय सजीवात तंतुकणिकेचा मागमूसही नसल्याचं दिसलं. पूर्वजांकडे ती होती, याने गमावली. तिच्याकडे असलेलं एक अत्यावश्यक काम त्याने जीवाणूंकडून मिळवलेल्या जनुकांवर भागवलं आहे. केंद्रक आहेच, त्यामुळे प्रश्न १ मधली व्याख्या इथेही टिकते.

१८. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा जीवाणू असतो का?

हो. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर, खारफुटीच्या कुजणाऱ्या पानांवर थायोमार्गारिटा मॅग्निफिका सापडला; २०२२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. पांढऱ्या दोऱ्यासारखी त्याची एकच पेशी साधारण एक सेंटिमीटर लांब असते. प्रश्न ४ मधली अडचण तो अशी सोडवतो : पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने व्यापलेला आणि जिवंत द्रव्य कडेच्या पातळ थरात. त्याहून चकित करणारं म्हणजे त्याचा डीएनए पटलाच्या हजारो छोट्या पिशव्यांत, रायबोझोमसह, बंद असतो. याला केंद्रक म्हणत नाहीत, पण ‘आदिकेंद्रकीत डीएनएभोवती पटल कधीच नसतं’ हे विधान आता जपून करावं लागतं. परीक्षेत मात्र नेहमीचंच उत्तर लिहा.

उलट टोकाला ऑस्ट्रिओकॉकस हे शैवाल आहे. जेमतेम एक मायक्रोमीटर, म्हणजे ई. कोलायहून लहान, तरी आत केंद्रक, एक तंतुकणिका आणि एक हरितलवक.

१९. आपल्या शरीरात मानवी पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हे खरं का?

हा आकडा जुन्या, ढोबळ अंदाजावरून पसरला. २०१६ साली केलेल्या हिशेबात ७० किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी निघाल्या, म्हणजे जवळपास बरोबरी. मानवी पेशींतल्या ८४ टक्के तर तांबड्या रक्तपेशीच. इतक्या जीवाणूंचं एकूण वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास. पेशींच्या आकारातला फरक इथे लगेच लक्षात येतो.

२०. आदिकेंद्रकी म्हणजे कमी विकसित, असं लिहिलं तर चालेल?

‘रचना साधी’ लिहा, ‘कमी विकसित’ नको. आजचे जीवाणू आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आले आहेत. रसायनांच्या बाबतीत तर ते आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत : हवेत ऑक्सिजन भरला तो नील-हरित शैवालांनी, गंधक आणि लोहापासून ऊर्जा मिळवतात ते जीवाणू आणि आर्किआ. एक आर्किआ १२२ अंश सेल्सिअसला वाढतो; दृश्यकेंद्रकी सजीवांची मजल साठ अंशांच्या आसपास संपते.

२१. नायट्रोजनचं स्थिरीकरण फक्त आदिकेंद्रकीच करतात, हा नियम अजून लागू आहे का?

२०२४ पर्यंत बिनदिक्कत लिहिता येत होतं. भुईमूग-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत हे काम रायझोबियम करतात, भाताच्या खाचरातल्या ॲझोलाच्या पानांत नील-हरित शैवाल. हे पाहुणे जीवाणूच राहतात, यजमान पेशीचा भाग होत नाहीत.

ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या समुद्री शैवालाच्या पोटातही असाच एक जीवाणू राहतो असं मानलं जायचं. त्याच्या डीएनएचा तुकडा अमेरिकेतल्या जोनाथन झेर यांना १९९८ साली प्रशांत महासागराच्या पाण्यात मिळाला होता. तो ज्याच्यात राहतो ते शैवाल प्रयोगशाळेत वाढवायला जपानच्या क्योको हागिनो यांनी दहा वर्षांहून अधिक काळ घालवला. एप्रिल २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा ‘जीवाणू’ शैवालाच्या पेशीबरोबर ठरलेल्या वेळी विभागतो आणि त्याला लागणाऱ्या प्रथिनांपैकी बरीच शैवाल स्वतःच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनवून त्याच्याकडे पाठवतं. या दोन्ही खुणा अंगकाच्या. म्हणून त्याला आता नायट्रोप्लास्ट म्हणतात. हे सहजीवन सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं असावं, म्हणजे तंतुकणिकेच्या मानाने अगदी अलीकडे.

नीटच्या उत्तरपत्रिकेत पर्याय ‘फक्त आदिकेंद्रकी’ असाच असेल तर तोच निवडा. पाठ्यपुस्तकं अजून बदललेली नाहीत. बारावीच्या पुढे हा विषय घेणाऱ्यांनी मात्र वहीत त्या ओळीसमोर नायट्रोप्लास्टची नोंद करून ठेवावी.